फ्लॉरेन्सची सोललेली माणसं

मेणाचा पुतळा म्हटलं की आपल्याला लोणावळा आठवतं. पुढाऱ्याच्या नाहीतर नटीच्या शेजारी उभं राहायचं, फोटो काढायचा आणि चिक्की घेऊन घरी यायचं. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात, पित्ती राजवाड्याजवळ असलेल्या ‘ला स्पेकोला’ संग्रहालयात मात्र ओळखीचा चेहरा शोधू नये. पेंढा भरलेल्या प्राण्यांची दालनं मागे टाकून आत गेलं की काचेच्या पेट्यांत मेणाची माणसं पहुडलेली दिसतात. कुणाची कातडी सोललेली, कुणाचं पोट उघडं. आणि चेहरे असे शांत, की जेवण उरकून दुपारची वामकुक्षी चालली आहे!

टस्कनीचा, म्हणजे फ्लॉरेन्सभोवतालच्या प्रदेशाचा, राजा (ग्रँड ड्यूक) पिएत्रो लिओपोल्दो याने १७७५ साली हे संग्रहालय सुरू केलं आणि सामान्य लोकांनाही त्यात प्रवेश दिला. फेलिचे फोंताना हे पहिले संचालक. त्या काळी शरीररचना शिकायची तर प्रेत फाडण्यावाचून इलाज नव्हता, आणि शीतगृहं नसल्यामुळे प्रेत चार दिवसही टिकत नसे. फोंतानांचं म्हणणं साधं होतं : एकदा नीट पाहून मेणात उतरवून ठेवा, म्हणजे पुन्हा पुन्हा त्या दुर्गंधीत उभं राहायला नको. गंमत अशी की, ही एक प्रतिकृती बनवायलाच अनेक प्रेतं लागत. जवळच्या सांता मारिया नुओवा रुग्णालयातून ती येत.

पण मेणच का? माती होती, लाकूड होतं, संगमरवराची तर त्या प्रदेशात रेलचेल होती.

अंधारात मोबाईलचा टॉर्च बोटामागे धरून बघा. बोट लालसर उजळतं. आपल्या त्वचेवर पडणारा प्रकाश सगळाच्या सगळा वरच्यावर परतत नाही. काही आत शिरतो, इकडेतिकडे विखुरतो आणि जरा बाजूने बाहेर पडतो. जिवंत कातडीची मऊ झाक येते ती यामुळे. रंगवलेल्या लाकडावर प्रकाश वरूनच उलटतो, म्हणून ते कितीही छान रंगवा, बाहुलीच वाटतं. मेण अर्धपारदर्शक असतं. जळत्या मेणबत्तीचा ज्योतीलगतचा भाग आतून उजळलेला दिसतो ना, तोच हा गुण. शिवाय रंग मेणावर फासायचा नसून वितळलेल्या मेणातच मिसळायचा, त्यामुळे तो खोलवरून आल्यासारखा दिसतो.

कारागिरीची रीत अशी. अवयवावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा. त्यात रंगीत मेणाचे पातळ थर एकावर एक चढवायचे. आतली पोकळी चिंध्यांसारख्या भरावाने भरायची. बारीक रक्तवाहिन्यांसाठी धागा किंवा तार मेणात बुडवून काढायची. यातला उस्ताद होता क्लेमेंते सुसिनी. त्याच्या कारखान्यातली ‘व्हीनस’ नावाची मेणाची स्त्री सगळ्यात प्रसिद्ध : खरे केस, गळ्यात मोत्यांची माळ आणि पोटावरचं झाकण उचललं की एकेक थर सुटा होणारी. शेवटी गर्भाशयात इवलासा गर्भ. मोत्यांची माळ शरीरशास्त्राला कशासाठी हवी, हे मला अजून कळलेलं नाही. पण माळेवर नजर ठरते आणि मग आतड्यांकडे बघायचा धीर होतो, हेही खरं.

लिओपोल्दोचा भाऊ, म्हणजे सम्राट दुसरा जोसेफ, हे काम पाहून इतका खूश झाला की त्याने व्हिएन्नातल्या लष्करी शल्यवैद्यांसाठी जवळजवळ बाराशे प्रतिकृतींची मागणी नोंदवली. या प्रतिकृती खेचरांच्या पाठीवरून आल्प्स ओलांडून गेल्या. व्हिएन्नातल्या योसेफिनुम संग्रहालयात त्या आजही आहेत.

मधमाश्यांचं मेण साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतं, पण मऊ व्हायला त्याच्या पुष्कळ आधीच लागतं. उलट गारठ्यात ते आक्रसतं आणि ठिसूळ होतं. आतली तार मात्र त्याच प्रमाणात आक्रसत नाही, म्हणून तडे जातात. ऊन-गारठ्याची ही खोड सोडली तर मेण फार चिवट. पाणी त्यात मुरत नाही, कुजणं जवळपास नाहीच. अडीचशे वर्षांच्या या बोटांवरची नखं अजून जागच्या जागी आहेत.

तरी फोंताना असमाधानीच राहिले. मेणाचे भाग विद्यार्थ्यांनी रोज काढले-घातले तर झिजणार, तुटणार. मग त्यांनी लाकडाचा सुटा होणारा माणूस करायला घेतला आणि त्यात वर्षं घालवली. लाकूड दमट हवेत फुगलं, आणि एकदा काढलेले तुकडे परत जागेवर बसेनात.