विंडोजवरून लिनक्सवर आलात? व्हिडिओ असे बदला

विंडोज १०चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. आमच्याकडून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट घालून नेणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: व्हिडिओ बदलणारी ती विंडोजवरची फॉरमॅट फॅक्टरी कुठे आहे? ती लिनक्सवर येत नाही. वाइनमधून, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, ओढूनताणून चालवूही नका. अशा पुष्कळ सॉफ्टवेअरच्या पोटात एफएफएमपेग हेच इंजिन असतं, आणि ते लिनक्सवर फुकट मिळतं. तेही वॉटरमार्कशिवाय.

आधी मेनूतल्या साउंड अँड व्हिडिओमध्ये जाऊन 'इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक्स' चालवा. मग सॉफ्टवेअर मॅनेजरमधून मीडियाइन्फो, अ‍ॅव्हिडेमक्स, लॉसलेसकट आणि हँडब्रेक घ्या. हँडब्रेकच्या दोन नोंदी दिसल्या तर फ्लॅटपॅकवाली (फ्लॅटपॅक हा लिनक्सवर सॉफ्टवेअर देण्याचा एक प्रकार) निवडा, तीच मूळ निर्मात्यांची.

आता महत्त्वाचं. एमपी४, एमकेव्ही, एमटीएस हे नुसते डबे. आत चित्र एका पद्धतीचं, आवाज दुसऱ्या. फाइल मीडियाइन्फोत उघडून आधी डब्यात काय आहे ते पाहा, कारण निम्म्या वेळा डबा बदलला की काम होतं.

उदाहरण जत्रेतल्या नाटकाचं. कॅमकॉर्डरवर तीन तासांचा प्रयोग १७ एमबीपीएसने (सेकंदाला १७ मेगाबिट) घेतला तर साधारण २३ जीबी होतो, आणि कार्डावर त्याचे एमटीएस तुकडे पडलेले असतात. आत चित्र एच.२६४, आवाज एसी-३. मोबाइलवर चित्र दिसतं पण आवाज येत नाही, तो बहुतेकदा या एसी-३मुळे. अ‍ॅव्हिडेमक्समध्ये पहिला तुकडा उघडा. क्रमाने नावं असलेले बाकीचे तुकडेही जोडू का, असं ते विचारेल, होय म्हणा. व्हिडिओ आउटपुट 'कॉपी', ऑडिओ आउटपुट 'एएसी', आउटपुट फॉरमॅट 'एमपी४ मक्सर', आणि सेव्ह. चित्राला हात न लागल्यामुळे दर्जा तसूभरही उतरत नाही, आणि वेळ जवळपास फाइल कॉपी करण्याइतकाच. हेच काम हँडब्रेकला दिलं तर जुना लॅपटॉप रात्रभर तापेल.

हँडब्रेक लागतो तो फाइल लहान करायला किंवा डीव्हीडी बदलायला. डीव्हीडीतली एकेक व्हीओबी उघडू नका. ते एकाच व्हिडिओचे १ जीबीच्या आतले तुकडे असतात. 'व्हिडिओ टीएस' हा अख्खा फोल्डर उघडा. प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, 'फास्ट १०८०पी३०' घ्या. आरएफ आकडा जितका कमी तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी: डीव्हीडीला १८ ते २२, फुल एचडीला २० ते २४. त्याखाली जाऊन जागा वाया घालवू नका, मुळात नसलेला तपशील काही उगवत नाही.

शिगम्याच्या नाचात हातापायांच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसतात ना? ते इंटरलेस्ड चित्रीकरण, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांतून बनलेली फ्रेम. टीव्ही त्या स्वतः मिटवतो, संगणक नेहमी मिटवतोच असं नाही. हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये डीइंटरलेसला 'बीडब्ल्यूडीआयएफ' आणि त्यात 'बॉब' निवडा, म्हणजे २५च्या जागी सेकंदाला ५० फ्रेम मिळतात आणि घोडेमोडणीचा नाच सुळसुळीत दिसतो. पण त्या प्रीसेटची मर्यादा ३० फ्रेमची. फ्रेमरेट 'सेम अ‍ॅज सोर्स' केला नाही तर सगळी मेहनत फुकट.

पावसाळ्यात डेस्कटॉपवर काम करत असाल आणि यूपीएस नसेल, तर हँडब्रेकमधून एमकेव्हीच काढा. एमपी४ची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते; मध्येच वीज गेली तर फाइल उघडतच नाही. एमकेव्ही निदान झालं तिथपर्यंत दिसतं. पूर्ण झालेलं एमकेव्ही अ‍ॅव्हिडेमक्समध्ये दोन्ही आउटपुट 'कॉपी' ठेवून एमपी४ करता येतं.

पेन ड्राइव्हवर फाइल जात नाही अशी तक्रार आली की आम्ही आधी ड्राइव्हचा फॉरमॅट बघतो. एफएटी३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. एक्सफॅट केला की प्रश्न मिटतो. मात्र फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, आणि काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. अशा टीव्हीसाठी नाटक लॉसलेसकटमध्ये प्रवेशांनुसार असं कापा, की प्रत्येक भाग ४ जीबीच्या आत राहील. न बिघडवता कापायचं म्हणजे सुरुवात की-फ्रेमवरच (अख्खं चित्र साठवलेल्या फ्रेमवरच) होते, म्हणून ती एक-दोन सेकंद सरकू शकते. पडदा पडून काळोख झालेला असतो तिथे खूण करा, संवाद तुटणार नाही.