आउटबोर्ड इंजिनाची पावसाळी साठवण

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेले इंजिन. थंड देशांत ते हिवाळ्यासाठी बंद करतात, कारण आत उरलेले पाणी गोठले की गिअरपेटी तडकते. सातारा जिल्ह्यात ती भीती नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर, तापोळा-बामणोलीकडे, इंजिन उतरते ते पावसाळ्यापुढे. शेजारच्या महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे इंजिन बिघडते ते दमट हवेने आणि टाकीत राहिलेल्या पेट्रोलने.

आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढते. ओलावा फार झाला की इथेनॉल-पाण्याचा थर टाकीच्या तळाशी बसतो. इंधन ओढणारी नळीही तळाशीच असल्याने इंजिन आधी तेच पिते. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेले पेट्रोल उडून जाते, मागे चिकट राळ राहते आणि केसाएवढे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोके, बुजतात. ऑक्टोबरात दोरी ओढून दंड भरून आले तरी इंजिन धरत नाही, त्याचे कारण बहुतेकदा हेच असते.

म्हणून टाकीत स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल खराब होऊ न देणारे द्रव्य, डब्यावरच्या प्रमाणात घालून इंजिन दहा मिनिटे चालवावे, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचते. बोट बाहेर असेल तर पाण्याने भरलेल्या पिंपात चालवावे; पाणी आत घेणारी जाळी बुडालेली हवी. कोरडे चालवले तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इंपेलर, म्हणजे आतले रबरी चक्र, मिनिटभरातही जळू शकतो. शेवटी कार्बोरेटरच्या इंजिनाची इंधननळी काढून ते आपोआप बंद पडू द्यावे. इंजेक्शनच्या इंजिनाला मात्र असे कोरडे करू नये. सुटी टाकी रिकामी करून, वाळवून ठेवलेली बरी. फोर-स्ट्रोकचे उरलेले पेट्रोल मोटारसायकलला चालते. टू-स्ट्रोकचे ऑइल मिसळलेले पेट्रोल तिच्यात ओतू नये.

मग किल-स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढून प्लग खोलावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर स्वच्छ ऑइल सोडून दोरी चार-पाच वेळा हळू ओढावी. फोर-स्ट्रोकचे इंजिन ऑइल आत्ताच बदलावे, कारण जुन्या ऑइलातले आम्ल चार महिने बेअरिंगना खाते.

गिअर ऑइलकडे मात्र कोणी दुर्लक्ष करू नये. खालचा स्क्रू, मग वरचा काढून ऑइल भांड्यात धरावे. ते ताकासारखे पांढरट निघाले तर सील गेले आहे, पाणी आत शिरले आहे. असे इंजिन दुरुस्त केल्याशिवाय ठेवले तर गिअर व बेअरिंग गंजतात. पाण्यातला पंखा (प्रोपेलर) काढून त्याच्या शाफ्टवर मासेमारीची तंगूस गुंडाळली आहे का पाहावे. ती सील कापते. नवे ऑइल खालून, वरच्या भोकातून येईपर्यंत भरावे. आधी वरचा स्क्रू, मग खालचा, दोन्ही नव्या वॉशरसह घट्ट करावेत. पंख्याच्या शाफ्टला जलरोधक ग्रीस लावावे.

इंजिन स्टँडवर उभेच ठेवावे, म्हणजे पाणी निथळते. आडवे टाकून गिअरपेटी वर राहिली तर एक्झॉस्टमधले पाणी सिलिंडरमध्ये उतरते. बॅटरी घरी नेऊन महिन्यातून एकदा चार्ज करावी. कव्हर सुती असावे. प्लॅस्टिक घट्ट बांधले की आत घाम सुटतो. हवा घेण्याच्या तोंडाला कापड ठोसले तर उंदीर घर करत नाहीत, पण सुरू करताना ते काढण्याची आठवण चिठ्ठी लिहून स्टार्टरलाच बांधावी.

हंगामाच्या पहिल्या दिवशी थोडा धूर निघणारच. इंजिनातून बाहेर पडणारी थंडाव्याच्या पाण्याची पिचकारी मात्र सुरुवातीलाच दिसली पाहिजे. नाही दिसली तर तत्काळ बंद करून इंपेलर बदलावा.