पार्श्वभूमी: पाण्याच्या फिल्टरमधला अतिनील दिवा

स्वयंपाकघरातल्या यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या फिल्टरमध्ये एक बारीक नळी असते. पाणी तिच्या कडेने वाहत जातं आणि काही सेकंदांत त्यातले जंतू निकामी होतात. करोनाच्या पहिल्या वर्षी याच प्रकाशाचे डबे मोबाइल आणि किल्ल्या निर्जंतुक करायला बाजारात आले. तेव्हा हे दिवे हातांवर किंवा अंगावर वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेला सांगावं लागलं. जंतू ज्यामुळे मरतो त्यानेच आपली कातडी आणि डोळे भाजतात, हे अजून पुरेसं घरोघरी पोचलेलं नाही.

या प्रकाशाचा शोध 1801 सालचा, जर्मनीतल्या येना इथला. आदल्याच वर्षी विल्यम हर्शेल यांना वर्णपटात तांबड्याच्या पलीकडे न दिसणारी उष्णता सापडली होती. योहान रिटर यांनी दुसरं टोक तपासलं. सिल्व्हर क्लोराइड हे चांदीचं संयुग उजेडात काळं पडतं, हे माहीत होतं. लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात ते ठेवल्यावर सर्वांत झटपट काळवंडलं ते जांभळ्याच्या पुढे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं.

जंतूंशी संबंध जुळला तो 1877 मध्ये. इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट यांनी पोषक द्रावणाच्या नळ्या उन्हात ठेवल्या, काहींना शिशाचा पत्रा गुंडाळला. झाकलेल्या नळ्या जंतू वाढून गढुळल्या, उघड्या स्वच्छ राहिल्या. पुढे डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी कार्बन आर्कच्या, म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या विजेच्या झोताच्या, प्रखर प्रकाशाने त्वचेच्या क्षयावर उपचार केले. त्यासाठी त्यांना 1903 चं नोबेल मिळालं. 1910 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय शहरात पिण्याच्या पाण्यावरही अतिनील प्रकाशाचा प्रयोग झाला.

आजच्या फिल्टरची नळी पाऱ्याच्या वाफेची. कमी दाबाच्या वाफेतून वीज गेली की मुख्यतः 254 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण निघतात. आपली जुनी ट्यूबलाइटही आतून हेच करते. फरक एवढाच, की तिच्या काचेला आतून लावलेली पांढरी पूड ते किरण शोषून दिसणारा उजेड देते आणि उरलेले काच अडवते. फिल्टरच्या नळीत पूड नसते, काचही हे किरण जाऊ देणारी असते. नळीची निळसर झाक हा पाऱ्याचा दिसणारा उजेड, खरं काम करणारे किरण दिसतच नाहीत. म्हणून नळी पेटलेली दिसते एवढ्यावर भरवसा ठेवू नये: वापराने तिची जंतू मारण्याची ताकद उतरते, निळा उजेड मात्र तसाच वाटतो. गढूळ पाण्यात तर जंतू कणांच्या आडोशाला वाचतात. आणि पाण्यातले क्षार हा दिवा काढत नाही.

हे किरण नेमकं करतात काय, याचा धागा 1930 च्या सुमारास फ्रेडरिक गेट्स यांच्या कामातून मिळाला. जंतू मारण्यात जे किरण सर्वांत प्रभावी, तेच न्यूक्लिइक आम्लं (डीएनए त्यांतलंच एक) सर्वाधिक शोषतात. आज आपल्याला माहीत आहे, की डीएनएतले शेजारचे घटक एकमेकांना चिकटतात आणि जंतूची वाढ थांबते. उन्हातल्या यूव्ही-बी या अतिनील किरणांच्या एका प्रकाराने आपल्या त्वचेच्या पेशींतही असेच बिघाड होतात, आणि दुरुस्ती चुकत गेली की कर्करोगाचा धोका वाढतो. त्याच यूव्ही-बीमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं, त्यामुळे ऊन सरसकट टाळा असं कुणी सांगू नये. सूर्याचे 254 च्या आसपासचे किरण ओझोन वरच्या वर अडवतो, म्हणून ते आपल्याला उन्हात भेटत नाहीत.

वेल्डिंगच्या ठिणगीजवळ मात्र भेटतात. मला सर्वाधिक काळजी वाटते ती फॅब्रिकेशनच्या दुकानात सळई धरून उभ्या असलेल्या पोराची. वेल्डरच्या हातात निदान काळ्या काचेची ढाल असते, पोर मान फिरवून डोळे बारीक करतं. त्या वेळी काहीच दुखत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजलेला असतो. बहुतेकदा एकदोन दिवसांत तो भरून येतो, आणि म्हणूनच दुखणं किरकोळ समजून पोर पुन्हा ढालीशिवाय उभं राहतं. ढाल दोघांना हवी, आणि ये-जा करणाऱ्यांसाठी मध्ये जाड पडदा.