निलंबित झाला म्हणजे बडतर्फ झाला असं नव्हे

कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, हातकणंगले नाहीतर शिरोळकडं कुणी सरकारी माणूस लाच घेताना सापडला की संध्याकाळपर्यंत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी फिरते आणि खाली ठरलेला शेरा पडतो: "गेली नोकरी! बसला घरी!" घरी बसला हे खरं आहे. नोकरी मात्र अजून शाबूत असते.

निलंबन ही शिक्षाच नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 उघडून बघा. निलंबन नियम 4 मध्ये येतं, शिक्षांची यादी नियम 5 मध्ये. ठपका ठेवणं, वेतनवाढ रोखणं हेसुद्धा त्या यादीत आहे, निलंबन नाही. खुर्चीत ठेवला तर माणूस फाईल गायब करील, साक्षीदाराला दम देईल, म्हणून चौकशीपुरतं त्याला बाजूला करायचं, एवढाच त्याचा हेतू.

आदेशातलं एक वाक्य जवळपास सगळीकडं सारखंच असतं: निलंबन काळात मुख्यालय अमुक राहील आणि पूर्वपरवानगीशिवाय ते सोडता येणार नाही. करवीरच्या माणसाला चंदगड मुख्यालय दिलं, तर तिथंच राहायचं. दुसरी नोकरी किंवा धंदा करता येत नाही. तो करत नसल्याचं प्रमाणपत्र दिल्यावरच निर्वाह भत्ता निघतो. पहिले तीन महिने हा भत्ता अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका, वर महागाई भत्ता. चौकशी त्याच्या चुकीशिवाय लांबली तर पुढं मूळ भत्ता निम्म्यानं वाढवता येतो, म्हणजे मूळ पगाराच्या जवळपास पाऊणपट. त्यानंच लांबवली तर कमीही होतो. ‘फुकटचा पगार’ म्हणून लोक चिडतात. चिडायचंच असेल तर दोषारोपपत्र (खात्याच्या चौकशीतले आरोप लेखी कळवणारा कागद) दाबून बसणाऱ्या साहेबांवर चिडावं. आरोप सिद्ध व्हायच्या आधी माणसाचं घर उपाशी ठेवणं कुठल्याच कायद्यात बसत नाही.

अटक झाली तर 48 तासांचा हिशेब लागतो, तोही नियम 4 मधलाच. कोठडीत त्याहून जास्त वेळ गेला की अटकेच्या तारखेपासून माणूस आपोआप निलंबित मानला जातो. त्याआधी जामीन मिळाला तर निलंबित करायचं की नाही, हे वरिष्ठ ठरवतात. सापळ्यात सापडलेला एखादा महाभाग आठवड्यानं त्याच टेबलावर दिसतो, तो कधीकधी यामुळं.

बडतर्फी ही नियम 5 मधली सर्वांत मोठी शिक्षा. तिथं पोचायचं तर राज्यघटनेच्या कलम 311 मधून जावं लागतं. नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी बडतर्फीचा आदेश काढू शकत नाही. दोषारोपपत्र, चौकशी आणि बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. अपवाद तीनच: फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली, चौकशी घेणं व्यवहार्यच नाही असं लेखी कारण नोंदवलं, किंवा राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला. एकदा बडतर्फ झाला की निवृत्तिवेतनाचा हक्क जातो आणि पुढं सरकारी नोकरीचं दारही सहसा बंद. (त्याच यादीत ‘सेवेतून काढून टाकणं’ अशी वेगळी शिक्षा आहे. त्यात पुढच्या सरकारी नोकरीला आडकाठी नसते.)

दोन्हींतलं अंतर केवढं, हे मुंबई पोलिसांतल्या सचिन वाझे यांच्या प्रकरणात दिसतं. 2004 मध्ये निलंबित झालेले वाझे जून 2020 मध्ये पुन्हा सेवेत आले. मे 2021 मध्ये ते बडतर्फ झाले, तेही चौकशीविना, त्या दुसऱ्या अपवादाखाली.

निलंबन असं वर्षानुवर्षं लोंबकळू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात तीन महिन्यांची मर्यादा घातली. तेवढ्यात दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढं चालू ठेवता येत नाही. राज्य सरकारनं 9 जुलै 2019 च्या शासन निर्णयात 90 दिवसांचं हेच बंधन घेतलं. गंमत अशी, की यानं प्रामाणिक माणूस वाचतो तसा लाचखोरही सुटतो. दोषारोपपत्र 91 व्या दिवसापर्यंत टेबलावर पडून राहिलं की काम झालं!

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा खटला वेगळाच चालतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 7 खाली तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते, पण आरोपपत्र कोर्टात उभं राहायला कलम 19 ची, म्हणजे त्याला नोकरीवरून काढू शकणाऱ्या अधिकाऱ्याची, मंजुरी लागते. विभागीय चौकशीला कोर्टाच्या निकालासाठी थांबायची सक्ती नाही. तिथं पुरावाही कोर्टाइतका निःसंशय लागत नाही.

म्हणून तुम्ही लाचलुचपत विभागाच्या 1064 या फोन क्रमांकावर तक्रार करून सापळा लावला असेल, तर निलंबनाच्या बातमीवर फटाके उडवू नका. साधारण दोन महिन्यांनी त्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका: दोषारोपपत्र कोणत्या तारखेला बजावलं, चौकशी अधिकारी नेमला का, खटल्याच्या मंजुरीचा प्रस्ताव कुठं आहे. आणि बडतर्फीनंतरही तो गप्प बसेलच असं नाही. राज्य सरकारचा कर्मचारी असेल तर तो मुंबईच्या मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाईल. जिल्हा परिषदेचा असेल तर त्याला नियमही वेगळे, 1964 चे, आणि मॅटचं दार त्याच्यासाठी नाही. लाचेच्या खटल्यात शिक्षा झालीच, तर त्यावरचं अपील मात्र ऑगस्ट 2025 पासून इथंच, उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढं चालतं.