चंबळची बीहडभूमी

चंबळ नदी व तिच्या उपनद्यांच्या काठी, जाड गाळाच्या थरात कोरल्या गेलेल्या असंख्य घळींचा प्रदेश. मध्य प्रदेशातील भिंड, मुरैना व श्योपूर, राजस्थानातील कोटा, सवाई माधोपूर, करौली व धौलपूर आणि उत्तर प्रदेशातील आग्रा व इटावा या जिल्ह्यांत तो प्रामुख्याने आढळतो. भूगोलात अशा भूरूपाला ‘उत्खातभूमी’ म्हणतात. ‘बीहड’ हा हिंदी शब्द संस्कृत ‘विकट’वरून आला असावा; स्थानिक बोलीत एकेका घळीला ‘भरका’ म्हणतात. क्षेत्रफळाचे अंदाज परस्परांशी जुळत नाहीत, कारण किती खोलीच्या घळीपासून बीहड धरायचे यावरच एकमत नाही. चार ते पाच लाख हेक्टर हा आकडा बहुधा दिला जातो. राष्ट्रीय कृषी आयोगाने (1976) देशातील एकूण घळीयुक्त जमीन सुमारे 40 लाख हेक्टर धरली होती.

चित्रपटांमुळे हा प्रदेश वाळवंटी समजला जातो, ते तितकेसे बरोबर नाही. हवामान निमशुष्क आहे आणि पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या काळात पडतो. जमिनीची धूप होते ती पाऊस नाही म्हणून नव्हे, तर उन्हाळ्यात तापून भेगाळलेल्या उघड्या मातीवर तो थोड्या दिवसांत कोसळतो म्हणून.

उत्पत्ती : येथील गाळ बारीक पोताचा असून त्यात चुनखडीच्या खड्यांचे (कंकर) थर आहेत. मातीतील काही चिकणमाती पाण्यात सहज विरघळल्यासारखी सुटी होते. भेगांतून मुरलेले पाणी जमिनीखाली नळीसारखे मार्ग पोखरते आणि वरचे छत कोसळले की नवी घळ उघडी पडते. घळीचे तोंड नदीकडे असते व तिचा माथा दर पावसाळ्यात शेताच्या दिशेने मागे सरकतो. मुख्य नदीकाठी घळी साठ मीटर व क्वचित त्याहूनही खोल आहेत. नदीपासून दूर त्या उथळ होत जातात.

ही प्रक्रिया केव्हा व कशामुळे सुरू झाली, हा वादाचा विषय आहे. जुन्या मृद्संधारण साहित्यात जंगलतोड, अतिचराई व सदोष मशागत यांना मुख्य कारण मानले जाई. दुसऱ्या मतानुसार भूकवचाच्या अलीकडच्या हालचालींमुळे प्रदेश उचलला गेला आणि नद्यांची खोदण्याची शक्ती वाढली. राजस्थानातील महासीमा विभंगाचा (खडकांतील एका मोठ्या भेगेचा) दाखला यासाठी दिला जातो. तिसरे मत हवामानाला महत्त्व देते : शेवटच्या हिमयुगाचा कडाका ओसरल्यावर मोसमी पाऊस वाढला, यमुनेसह गंगेच्या मैदानातील नद्यांनी आपली पात्रे खोल केली आणि चंबळेलाही त्या नव्या पातळीपर्यंत उतरावे लागले. नदी खाली गेली की तिला मिळणारा प्रत्येक ओहोळ तिच्यामागे खाली जाणार, हे ओघानेच आले. घळींची खोली व त्यांचा नदीशी असलेला संबंध पाहता केवळ मानवी कारणाने त्यांचा उलगडा होत नाही. आरंभ बहुधा प्लाइस्टोसीनच्या (हिमयुगांच्या काळाच्या) अखेरीस वा होलोसीनच्या (त्यानंतरच्या, आजच्या कालखंडाच्या) सुरुवातीस झाला असावा आणि माणसाने त्याचा वेग वाढवला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ऐतिहासिक काळात भूमी दुर्गम होतीच. 1658 मध्ये मोगल गादीच्या लढ्यात दारा शुकोहने धौलपूरजवळचे नदी ओलांडण्याचे उतार रोखून धरले असता त्याचा भाऊ औरंगजेब याने चंपतराय बुंदेल्याच्या मदतीने पूर्वेकडच्या, भदावरच्या बाजूच्या दुर्लक्षित उताराने चंबळ ओलांडली. त्या वाटचालीत औरंगजेबाचे अनेक सैनिक तहानेने दगावल्याचे वृत्तांत आहेत. भदौरिया राजांचा अटेरचा किल्लाही (17 वे शतक) आज घळींच्या वेढ्यातच उभा आहे.

आख्यायिका : नदीचे प्राचीन नाव चर्मण्वती. रंतिदेव राजाच्या यज्ञातील पशूंच्या चामड्यांतून ती उगम पावली, अशी कथा महाभारतात आहे, आणि कालिदासाने *मेघदूता*त तिला रंतिदेवाची भूमीवर प्रवाहरूपाने परिणत झालेली कीर्ती म्हटले आहे. द्रौपदीने तिला शाप दिल्याची लोककथाही सांगितली जाते. त्या शापामुळे काठावर मोठी तीर्थे झाली नाहीत व म्हणून पाणी स्वच्छ राहिले, ही जोडणी आधुनिक दिसते. घडियाल (लांब तोंडाची सुसर) व गंगेतील डॉल्फिन यांना मात्र या एकाकीपणाचा लाभ झाला. राष्ट्रीय चंबळ अभयारण्य 1979 च्या सुमारास अस्तित्वात आले.

बागी आणि लोकप्रिय संस्कृती : सत्तेविरुद्ध वा सूडापोटी घळींचा आश्रय घेणाऱ्याला येथे ‘डाकू’ नव्हे, ‘बागी’ म्हणतात. बागी मानसिंग (मृत्यू 1955) याच्या टोळीतील त्याचा मुलगा तहसीलदार सिंग याने तुरुंगातून पाठवलेल्या पत्रानंतर विनोबा भावे मे 1960 मध्ये येथे आले आणि सुमारे वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. एप्रिल 1972 मध्ये जौरा (जि. मुरैना) येथे मोहर सिंग, माधो सिंग आदी शेकडोंनी जयप्रकाश नारायण यांच्या साक्षीने समर्पण केले. फूलन देवीचे समर्पण 1983 मध्ये भिंडला झाले.

हिंदी चित्रपटाने हे भूदृश्य जितके वापरले तितकेच बदललेही. *मुझे जीने दो* (1963) चे चित्रीकरण काही अंशी प्रत्यक्ष चंबळ भागात झाले. पण डाकूपटांची सर्वाधिक ठसलेली प्रतिमा *शोले* (1975) ची आहे, आणि ती कर्नाटकातील रामनगरच्या ग्रॅनाइट टेकड्यांची. तेथे घळ नाही, गाळ नाही. घोड्यांचा दौडता ताफाही पडद्यावरचाच : अरुंद व आंधळ्या घळींत घोडा उपयोगी नसल्याने खऱ्या टोळ्या बहुतांशी पायीच फिरत. *बँडिट क्वीन* (1994), *पान सिंग तोमर* व *सोनचिडिया* (2019) यांत मातीची खरी घडण दिसते. मराठी बोलण्यात ‘चंबळचे खोरे’ हे बेबंदशाहीचे पर्यायनाम झाले आहे. गंमत अशी, की प्रवरेकाठी संगमनेर परिसरात व तापी-पूर्णेच्या खोऱ्यांत तशाच भूरूपाच्या, लहान घळी असूनही त्यांच्याभोवती अशी एकही कथा गुंफली गेलेली नाही.

सुधारणा : इटाव्याच्या घळींत 1880 च्या दशकात जमीनदारांच्या साहाय्याने वनीकरण झाले, तो भाग फिशर वन म्हणून ओळखला जातो. 1950 च्या दशकात कोटा, आग्रा व वासद (गुजरात) येथे मृद्संधारणाची संशोधन केंद्रे निघाली. पुढे विमानातून वेड्या बाभळीचे बी टाकण्यात आले. अलीकडे शेतकरी यंत्रे लावून उथळ घळी सपाट करतात. अशी जमीन पहिली काही वर्षे पिकते, पण बांध व पाण्याला वाट नसेल, तर एखाद्या मोठ्या पावसात ती पुन्हा फाटते.