तॅग्लिओनी फुलावर उभी नव्हती

एकोणिसाव्या शतकातली बॅले नर्तकी मारी तॅग्लिओनी हिची जुनी शिळाछाप चित्रं फिरतात तेव्हा सोबत हमखास एक वाक्य असतं: ‘पायाच्या टोकावर नाचणारी ही पहिली बॅलेरिना, आणि हा त्याचा पुरावा.’ यातलं काहीच खरं नाही.

तिचं गाजलेलं बॅले ‘ला सिल्फीद’ पॅरिसमध्ये १२ मार्च १८३२ला रंगमंचावर आलं. त्याच्या कितीतरी आधी जनव्हिएव गॉसलँ आणि अमालिया ब्रुन्योली या नर्तकी टोकावर उभ्या राहत होत्या. तॅग्लिओनीने त्या कसरतीला काव्य दिलं. हे श्रेय लहान नाही. त्याला खोट्या ‘पहिलेपणा’चा टेकू कशाला?

आता चित्रातलं पाऊल जवळून बघा. सुईसारखं निमुळतं, खाली फूल, आणि फुलाची पाकळीसुद्धा वाकत नाही. तिचा खरा जोडा म्हणजे मऊ साटन, पातळ चामड्याचा तळ आणि टोकाशी दोऱ्याने घातलेली दाट रफू. आजचा कडक पुढा तेव्हा नव्हताच, त्यामुळे टोकावरचा तोल क्षणभराचा. हवेत तरंगण्यासाठी तारा वापरत. त्या चित्रकार गाळून टाकी.

ही चित्रं चाहत्यांना विकण्यासाठी होती. दगडावर तेलकट खडूने काढायची, छापायची, मग हाताने रंगवायची. लंडनच्या १८४५च्या ‘पा द कात्र’ या चार बॅलेरिनांच्या नृत्याच्या चित्रात चौघी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. प्रत्यक्षात त्यांतल्या ग्रीसी आणि चेरितो, तॅग्लिओनीच्या लगेच आधी, म्हणजे मानाच्या जागी, कोण नाचणार यावरून अडून बसल्या होत्या. ‘वयाने मोठी असेल ती,’ असं व्यवस्थापक लम्लीने ठरवताच दोघी मागे सरल्या.