नांगर आणि डेकवरची मांडणी (छोटी शिडाची बोट)

२५ ते ३५ फुटांच्या शिडाच्या बोटीवर नांगर, साखळी, रोलर (ज्यावरनं साखळी सरकते ती चाकी), क्लीट (दोर बांधायचा खुंटा), विंडलास (साखळी वर ओढायचं यंत्र) हे सगळं कुठं आणि कसं बसवायचं, ती ही मांडणी. कोल्हापुरात समुद्र नाही हे खरंय, पण १८१२ च्या तहात इंग्रजांनी मालवण घेईपर्यंत सिंधुदुर्ग किल्ला कोल्हापूर संस्थानाकडंच होता, आणि आजही सकाळी गगनबावड्याच्या वाटेनं घाट उतरला की दुपारपर्यंत विजयदुर्गच्या खाडीत पोचता येतं, त्यामुळं शिडाचा नाद लागलेल्या इथल्या माणसाला हा विषय परका नाही.

मराठीत शेतातला पण नांगर आणि पाण्यातला पण नांगरच. १९३३ साली जेफ्री टेलर या इंग्रज शास्त्रज्ञानं सीक्यूआर नांगर काढला तो दिसायला अगदी शेतातल्या फाळासारखा, आणि काम पण तेच, जमिनीत घुसायचं. नांगर जड असला की बोट धरतो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण छोट्या बोटीचा नांगर वजनापेक्षा रुतण्यावर धरतो, आणि रुतायला ओढ आडवी लागते. उन्हाळ्यात कोल्हापूरजवळच्या कळंबा तलावाचं पाणी मागं सरलं की काठच्या ओल्या चिखलात हे हातानं करून बघता येतं: छोटा नांगर ठेवायचा, दोर जमिनीला टेकवून ओढायचा, फाळ हळूहळू आत जातो आणि मग दोघांनी ओढला तरी हलत नाही. तोच दोर जवळ जाऊन कमरेच्या वर उचलून ओढला की नांगर मातीचं ढेकूळ घेऊन बाहेर. मी हे केल्यावरच मला साखळीचं महत्त्व पटलं.

म्हणून साखळी भरपूर सोडायची, म्हणजे नांगरावरची ओढ आडवी राहते. खोली तीन मीटर, नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाण्यापासून एक मीटर वर, भरतीला पाणी अजून दोन मीटर चढणार, म्हणजे सहा. सगळी साखळी असेल तर त्याच्या पाचपट, तीस मीटर, आणि बराचसा दोर असेल तर सातपट. भरती न धरता हिशोब केला की संध्याकाळी बरोबर वाटतं आणि मध्यरात्री बोट घसरायला लागते. आठ मिलिमीटरची तीस मीटर साखळी चाळीस किलोच्या वर जाते, एवढं वजन अगदी नाळेत ठेवलं तर बोट लाटेत तोंड खुपसते, त्यामुळं साखळीचा कप्पा जमेल तेवढा खाली आणि मागं घ्यावा, नाहीतर पंधरा मीटर साखळी आणि पुढं नायलॉनचा दोर. नायलॉनच, कारण तो ताणला जातो आणि धक्का खातो.

डेकवर सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते क्लीटच्या खालच्या बाजूकडं. क्लीट नुसत्या स्क्रूवर बसवला तर वादळात उपटून येतो, बोल्ट आरपार पाहिजेत आणि खाली जाड पट्टी. अशी पट्टी कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठलाही लेथवाला मापानं करून देईल. बऱ्याच बोटींच्या डेकमधे फायबरच्या दोन थरांत बाल्साचं लाकूड असतं, भोकातनं पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं आणि वरनं काहीच कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे भोक आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीनं भरायचं, वाळल्यावर त्यात बोल्टाच्या मापाचं भोक घ्यायचं. वेळ लागतो, पण हे टाळू नये.

विंडलास साखळी उचलायला असतो, रात्रभर बोटीचा ताण धरायला नाही. ताण घ्यायला नायलॉनचा छोटा दोर साखळीत अडकवून क्लीटला बांधायचा आणि विंडलासवरची साखळी ढिली ठेवायची. रोलरला आडवी खीळ हवी, नाहीतर लाटेत साखळी उडून बाहेर पडते आणि डेकची कड कापत बसते. शॅकलची (नांगर आणि साखळी जोडणाऱ्या कडीची) पिन तारेनं बांधायची. मालवणसारख्या खडकाळ तळावर नांगराच्या मागच्या टोकाला वेगळी दोरी आणि तिला बोया (तरंगती खूण) लावला तर अडकलेला नांगर उलटा ओढून सुटतो.

नांगर टाकल्यावर इंजिन हळू मागं घ्यायचं आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा, समजा एक माड आणि त्यामागचं कौलारू छप्पर, एका रेषेत धरून बघत राहायचं, रेषा मोडली की नांगर घसरतोय.

साखळीचं शेवटचं टोक बोटीला शॅकलनं न बांधता दोरानं बांधावं, आणि तो दोर डेकवर येईल एवढा लांब असावा. रात्री दुसरी बोट अंगावर आली आणि नांगर सोडूनच निघायची वेळ आली तर तो सुरीनं कापता येतो, अंधारात पाना शोधत बसावं लागत नाही.